बाळ कुठून येतं: एका बैठकीत सांगावं की विचारेल तसं?

चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलं हे विचारतात. थापा मारायच्या नाहीत एवढं ज्यांचं ठरलंय, त्यांच्यापुढे दोन वाटा उरतात. मूल सहा-सात वर्षांचं झालं की चित्रांचं पुस्तक घेऊन, रविवारची निवांत दुपार बघून सगळं एकदाच सांगायचं, नाहीतर विचारेल तेव्हा, विचारेल तेवढंच. शाळेवर सोडणं मी धरतच नाही. राज्य मंडळाच्या पुस्तकांत मानवी प्रजनन सविस्तर येतं ते दहावीत, आणि काही मुलींची पाळी नवव्या-दहाव्या वर्षीच सुरू होते.

पुस्तकाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. ज्यांची जीभ अडखळते त्यांना आधार मिळतो, काही सांगायचं राहून जात नाही. घरात दुसरं बाळ येणार असेल तर पोट दिसू लागायच्या सुमारास ते फार सोयीचं पडतं. चित्रं मात्र विकत घेण्याआधी बघावीत. नुसत्या गर्भाशयाचा उभा छेद असेल तर ते अंगात नेमकं कुठे असतं, हे मुलाला उमगत नाही. अख्ख्या शरीरात दाखवलेलं हवं.

माझं अडतं ते पुढे. पुस्तक मिटलं की विषयही मिटतो. आईबाबा म्हणतात, झालं एकदाचं. मूलही मान डोलावतं, पण त्याच्या डोक्यातली आधीची कल्पना जागची हललेली नसते: आईने काहीतरी गिळलं, ते पोटात वाढलं आणि शीच्या जागेतून बाहेर आलं. त्यात पुस्तकातलं ‘बी’ जाऊन बसतं आणि पोरगं पेरूच्या बिया थुंकून टाकायला लागतं. पालकांना हे उशिरा कळतं किंवा कळतच नाही, कारण बैठकीत सगळं बोलणं पुस्तकाचंच झालेलं असतं. एवढ्या एका गोष्टीमुळे मी दुसऱ्या वाटेला लागलो. कुणाला ही अडचण क्षुल्लक वाटेलही.

विचारेल तसं सांगताना सुरुवात उलट प्रश्नाने करावी: “तुला काय वाटतं?” काय दुरुस्त करायचंय ते तिथेच कळतं. मग दोन वाक्यं. “आईच्या ओटीपोटात गर्भाशय नावाची पिशवी असते. जेवण जातं ती वेगळी, बाळ वाढतं ती वेगळी.” आणि गप्प बसायचं. मूल खेळायला पळालं तर त्या दिवसापुरतं तेवढं पुरे. आत बाळ जेवतं कसं, असं आलं तर त्याच्याच बेंबीवर बोट ठेवून नाळ सांगावी आणि अर्धा मीटर दोरी कापून हातात द्यावी. साधारण तेवढीच लांब असते. बाहेर कसं येतं याला उत्तरं दोन, योनीमार्गातून किंवा सिझेरियनने, आणि आपल्या मुलाच्या वेळी जे झालं ते आधी सांगावं. एवढ्याशा जागेतून कसं, असं विचारलं तर मोज्यात चेंडू घालून मागून ढकलावा. तोंड ताणतं आणि पुन्हा मिटतं. भाऊ की बहीण, याला “जन्मल्यावरच कळेल, आधी सांगायला कायद्याने बंदी आहे” हे उत्तर सहा वर्षांच्या मुलालाही पुरतं.

“पण आत गेलं कसं?” हे बहुधा शेवटी येतं. बाबांच्या शरीरातला शुक्राणू आणि आईच्या शरीरातली अंडपेशी एकत्र येतात, एवढ्यावर बरीच मुलं थांबतात. कसे एकत्र येतात, असं विचारलंच तर शिश्न, योनी ही नावं घेऊन सरळ सांगावं, आणि हे मोठ्या माणसांचं, दोघांच्या मर्जीचं असतं हेही. मूल “ई” करतं. करू द्यावं, हसू नये.

या वाटेलाही खड्डे आहेत. प्रश्न नेमका लिफ्टमध्ये, नाहीतर हळदीकुंकवाला येतो. “रात्री झोपताना सांगते” म्हणावं आणि त्याच रात्री सांगावं. एकदा टाळलं की पुढचा प्रश्न गल्लीतल्या मोठ्या पोरांकडे जातो. आजीआजोबांना आपली दोन वाक्यं आधी सांगून ठेवावीत, म्हणजे तिकडून वेगळं उत्तर यायचं नाही. काही मुलं विचारतच नाहीत. अशा वेळी आठव्या वर्षाच्या आत, कुणाच्या डोहाळजेवणाचं निमित्त साधून, विषय आपणच काढायचा.

पुस्तक घरात असू द्यावंच. फक्त प्रश्न आला की त्या प्रश्नापुरतं पान उघडावं.