फौंड्रीत बाहेरून आलेल्या कामगारांसाठी कॉम्प्युटरवरचं सेफ्टी ट्रेनिंग, ७ महिने वापरून

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, सेफ्टी बघतो. आमच्याकडं निम्म्याच्या वर पोरं ओडिशा, बिहारची. कोर्स चांगला आहे हे आधीच सांगतो. ओलं स्क्रॅप भट्टीत का टाकायचं नाही तो भाग तर एक नंबर, पाण्याची वाफ होताना ते १६०० पटीच्या आसपास फुगतं आणि १४०० डिग्रीचं लोखंड उसळून अंगावर येतं, हे चित्रात असं दाखवलंय की वीस वर्षं भट्टीवर असलेले मामापण गप बसून बघत होते.

पण लोक अडकले ते त्याच्या आधीच, लॉगिनला. पासवर्डमध्ये एक अक्षर कॅपिटल पाहिजे म्हणे, आता ज्यानं कीबोर्डला कधी हातच लावला नाही त्यानं शिफ्ट दाबून धरायचं कुठून शोधायचं? एका ओडिया पोराचा माऊस सरकत सरकत टेबलाच्या कडेला आला, बाण अजून स्क्रीनच्या मधेच, आणि ते माझ्याकडं बघत बसलं. माऊस उचलून परत मधे ठेवायचा असतो हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं, त्याची काय चूक! तेच पोरगं फोनवर घरी दिवसभर व्हॉइस मेसेज पाठवतंय, सफाईनं.

मग मी विंडोजमध्ये डबल क्लिकचा स्पीड कमी केला, बाण मोठा केला, थोडा फरक पडला. खरा फरक पडला टचचे टॅब आणल्यावर, बोट लावायचं सगळ्यांना येतंय. आवाज फक्त हिंदीत होता, ओडिया नाही, म्हणून आमच्यातल्याच एका जुन्या कामगारानं प्रत्येक भाग ओडियात मोबाईलवर रेकॉर्ड करून दिला, तो शेजारी लावून ठेवतो.

सगळ्यात राग येतो तो परीक्षेचा, एका प्रश्नाला २० सेकंद. हळू वाचणारा माणूस फेल होतोच. आमचा एकजण दोनदा फेल झाला, आणि त्यानंच पावसाळ्यात ओल्या स्क्रॅपची बकेट भट्टीपाशी अडवून ठेवली, सुपरवायझर घाई करत असतानासुद्धा. रेकॉर्डला तो अजून फेलच आहे. शिवाय मधेच लाईट गेली की झालेलं सगळं पुसलं जातं, पहिल्यापासून करा. दोन्ही गोष्टी कोर्सच्या कंपनीला तीनदा कळवल्यात, पुढच्या अपडेटमध्ये बघतो म्हणतात.

कुणी घेणार असाल तर डेमोलाच टाइमर बंद करून दाखवा म्हणा, आणि डेमो मॅनेजरला नको, भट्टीवरच्या माणसाला बसवून घ्या.