गुलामगिरी संपवण्याच्या दोन वाटा: पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्स

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८० मध्ये रीतसर कायदा केला, पण बेताबेताने चालणारा. मालकाने ज्यांची नोंद केली ते आधीचे गुलाम जन्मभर गुलामच. कायद्यानंतर जन्मलेली मुलं नावाला मुक्त. २८ वर्षांची होईपर्यंत मात्र आईच्या मालकाकडे राबायचं. म्हणजे सुधारणेची किंमत मालकाने नव्हे, त्या मुलांनी उमेदीच्या वर्षांनी चुकवली. पळवाटाही निघाल्या. मूल बाहेर जन्मावं म्हणून गरोदर बायकांना राज्याबाहेर नेत. ते १७८८ मध्ये कायद्याने रोखावं लागलं. गुलामगिरी पुरती संपायला १८४७ उजाडलं.

मॅसॅच्युसेट्समध्ये असा कायदाच झाला नाही. १७८० च्या राज्यघटनेने सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान ठरवली होती. बेट नावाच्या गुलाम बाईने १७८१ मध्ये मालकाला कोर्टात खेचलं, ती जिंकली आणि पुढे एलिझाबेथ फ्रीमन म्हणून ओळखली गेली. १७८३ मध्ये क्वॉक वॉकर या गुलामाच्या प्रकरणात राज्याच्या सरन्यायाधीशांनीही गुलामगिरी घटनेत बसत नाही असंच सांगितलं. १७९० च्या जनगणनेत तिथे गुलामांचा आकडा शून्य (निदान कागदावर).

मला दुसरी वाट सरस वाटते. अर्थात तिथलं अर्थकारण गुलामांवर टेकलेलं नव्हतं. दक्षिण कॅरोलिनात भातशेतीच त्यांच्या जिवावर होती. तिथे यातली एकही वाट कुणी धरली नाही.