नखांसाठी घरचं तेल: खोबरेल, तीळ, एरंडेल की जोजोबा?

नखाच्या कडेला सालपट निघतं, बोलता बोलता ते दाताने ओढलं जातं, रक्ताचा ठिपका येतो आणि दुसऱ्या दिवशी लिंबू पिळताना ते बोट जीव काढतं. ज्यांचे हात दिवसभर भांडी, कणीक आणि साबणाच्या पाण्यात असतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. यावर क्युटिकल ऑइल, म्हणजे नखाच्या बुडाशी असलेल्या कातडीच्या पातळ कडेला (क्युटिकलला) लावायचं तेल, लावा असं सगळेच सांगतात. घरी करायचं तर कुठल्या तेलाचं, इथे मात्र गाडी अडते. मी गेल्या दोन-तीन वर्षांत बरीच तेलं बोटांना फासून पाहिली, त्याचा हा हिशेब.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. तेलाने नख भराभरा वाढत नाही. नख तयार होतं ते कातडीखालच्या मुळाशी, आणि बाहेर दिसतो तो भाग निर्जीव केराटिन, म्हणजे एक कडक प्रथिन. खिडकीच्या काचेच्या कडेला लांबी (पुट्टी) भरतात ना, तसं नखाच्या बुडाशी क्युटिकलचं काम. ती लांबी सुकून तडकली की आत पाणी आणि जंतू शिरतात, आणि मग नखुरडं. तेल ही कड मऊ ठेवतं आणि नखातला ओलावा उडून जाऊ देत नाही, एवढंच. कातडीतला फरक आठ-दहा दिवसांत दिसतो. नखाला वेळ लागतो, कारण हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे पूर्ण नवं यायला चार ते सहा महिने. म्हणून तेल निवडताना मी तीनच गोष्टी बघते: किती टिकतं, बोटं किती ओशट राहतात, आणि दिवसातून तीनदा लावायचा कंटाळा येतो का.

खोबरेल घरात असतंच, त्यामुळे सुरुवात त्याचीच होते. लवकर खवट होत नाही, बोटांवर हलकं बसतं. अडचण थंडीत येते. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं. मुंबईत चालून जातं, पण पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात रोल-ऑनमध्ये भरलेलं खोबरेल म्हणजे पांढरा खडा. रात्री वाटीतून लावणार असाल तर उत्तम. पर्समध्ये ठेवायला निरुपयोगी.

तिळाच्या तेलाकडे मात्र कुणी फारसं बघत नाही, आणि माझा पहिला नंबर त्याचाच. थंडीत पातळ राहतं. त्यात मुळातच सेसमोलसारखी तेल टिकवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे करडई किंवा सूर्यफुलापेक्षा बरेच दिवस चांगलं राहतं. लावून दोन मिनिटं चोळलं की मोबाइलच्या काचेवर ठसे उमटत नाहीत. घेताना लाकडी घाण्याचं, फिकट पिवळं घ्यायचं. चायनीज स्वयंपाकाचं भाजलेल्या तिळाचं गडद तेल आणलंत तर दिवसभर हाताला नूडल्सचा वास येईल. कपड्यावर डाग पडतो, तेवढं सांभाळायचं.

एरंडेल सगळ्यात दाट, मधासारखं. एकट्याने लावलं तर बोटं चिकचिकतात आणि पांघरुणाची सगळी लव नखाला येऊन बसते. पण दुसऱ्या तेलात थोडं मिसळलं तर कामाचं, कारण ते जागेवरून हलत नाही.

जोजोबाचं प्रकरण वेगळं. नावाला तेल, पण रसायनाने ते पातळ मेण आहे, आणि आपल्या कातडीच्या तेलकटपणातही मेणाचा अंश असतोच. त्यामुळे ते ओशट वाटत नाही, आणि वर्ष-दोन वर्षं सहज टिकतं. राजस्थानात याची लागवड होते, तरी किमतीत ते तिळाच्या कितीतरी वर. दिवसभर कीबोर्डवर किंवा कागदावर हात असणाऱ्यांनी हे पैसे खुशाल घालावेत. बाकीच्यांना एवढा फरक जाणवेल असं मला वाटत नाही.

बदाम तेल चांगलं, फक्त बाटलीची मागची बाजू वाचा. केसांचं म्हणून मिळणाऱ्या बदाम तेलात अनेकदा मुख्य घटक खनिज तेल असतं. ते वाईट नाही, ओलावा छान अडवतं. पण मग बदामाचे पैसे कशाला द्यायचे? घरात कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर बदाम टाळलेलंच बरं.

जवसाच्या वाटेला जाऊ नका. ओमेगाचं कौतुक ऐकून मी ते लहान बाटलीत भरलं. तीन आठवड्यांत बाटलीच्या तोंडाशी पिवळी चिकट साय जमली, झाकण फिरेना, आणि पक्कड लावून उघडलं तर नव्या रंगवलेल्या दाराचा वास. साहजिकच आहे म्हणा, रंगात आणि क्रिकेटच्या बॅटला हेच तेल वापरतात ते हवेत सुकून थर धरतं म्हणूनच.

आणि एक गोष्ट जी बाटलीत मावत नाही: मुठेल. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, गोव्यात भिरंडेल. कोकणात भेगाळलेल्या टाचांना पिढ्यान् पिढ्या हेच लावतात. फिकट, कडक गोळा असतो. अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळतो, म्हणून अंगठ्याने खरवडलं तर आधी भुसा पडतो आणि मग चोळता चोळता तो कातडीत विरतो. दिवसा नको, फार जड. रात्री मात्र याला तोड नाही. धुणी-भांडी, मासळी, केटरिंग अशा कामातल्या हातांना मी तेलाच्या आधी हेच सुचवेन.

विकतची बाटली घ्यावी का? ब्रश असतो, सुवास असतो, भेट द्यायला बरी दिसते. आत बहुधा यातलंच एखादं तेल आणि अत्तर. नखाजवळची कातडी फाटलेली असेल तर तो सुवासच चुरचुरतो. ब्रशवाल्या बाटलीत बोटावरची घाण परत आत जाते, हाही मुद्दा आहे. घरी करताना म्हणून जुनी, धुऊन खडखडीत वाळवलेली रोल-ऑन नाहीतर ड्रॉपरची बाटली घ्यावी.

माझं मिश्रण: चार चहाचे चमचे तीळ तेल, एक चमचा एरंडेल, आणि मेडिकलमध्ये मिळणारी व्हिटॅमिन ईची एक कॅप्सूल सुईने टोचून पिळायची. हलवलं की झालं, गरम करायची गरज नाही. ई मुळे तेल जरा उशिरा खवट होतं. नखाला त्याने काही जादू होत नाही. पाण्याचा थेंब मात्र आत जाता कामा नये. व्हिडिओत सांगतात तसा लिंबाचा रस किंवा ठेचलेला लसूण तर अजिबात नको. लसूण कातडी भाजतो, आणि लिंबू लावून उन्हात गेलात तर काळे डाग पडतात. बाटलीवर तारीख चिकटवा, तीन-चार महिन्यांत संपवा.

लावायची वेळ तेलाइतकीच महत्त्वाची. हात धुतल्यावर पुसून, पण नखं अजून किंचित ओलसर असताना लावायचं, कारण तेल स्वतः ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं. क्युटिकल कापायचं नाही. मऊ झालं की टॉवेलने हलकेच मागे सारायचं.

नख चमच्यासारखं खोलगट झालं असेल, पिवळं-जाड होत असेल किंवा बाजूला ठणका आणि पू असेल, तर यातलं कुठलंच तेल नको, डॉक्टर गाठा. खोलगट नखामागे अनेकदा रक्तातलं लोह कमी असतं.

नेलपेंट लावायच्या दिवशी तेल नंतर लावायचं, आधी नाही. ओशट नखावर रंग धरत नाही. मी एका लग्नाच्या सकाळी सवयीने आधी तेल चोळलं आणि घाईत वर लाल रंग मारला. पंगतीत वरणभात कालवताना तर्जनीवरचा अख्खा पापुद्रा सुटून भातात आला, आणि पुढचं जेवण मी उरलेल्या चार बोटांनी उरकलं.