गांडू (2010): नावावर जाऊ नका, त्या पोट्ट्याकडे बघा

क्यू म्हणजे कौशिक मुखर्जीचा हा बंगाली पिक्चर, 2011 ला बर्लिनच्या फेस्टिव्हलमध्ये पॅनोरमा या विभागात दाखवला गेला, आपल्याकडे थिएटरात मात्र रीतसर कधी लागलाच नाही. नागपुरात कोणाजवळ नाव काढलं की 'तोच ना, तसल्या सीनवाला' म्हणून डोळा मारतात आणि मला याचाच राग येतो, कारण घरात असून घर नसलेल्या पोट्ट्यावर इतका खरा पिक्चर मी तरी दुसरा पाहिला नाही.

गोष्ट कोलकात्याची. पोरगा कामधंदा काही करत नाही, लॉटरीची तिकिटं घेतो, नशा करतो आणि रॅपर व्हायचं म्हणतो. आईचं दासबाबूसोबत चालू आहे, त्याचं सायबर कॅफे आहे आणि घरात त्याचाच दबदबा. ते दोघं बेडवर असताना हा फरशीवरून सरपटत खोलीत येतो, दासबाबूच्या खिशातून पैसे काढतो आणि तसाच सरपटत बाहेर जातो. बस, एवढंच. पण पोरगा स्वतःच्याच घरात जमिनीला चिकटून हिंडतोय हे बघताना पोटात कालवाकालव होते, आणि पोरग्याचं काम करणारा अनुब्रत बसू तिथे चेहऱ्यावर काहीच आणत नाही, रोजचंच काम असल्यासारखं करतो, त्यामुळे जास्त लागतं.

मग त्याला रिक्षा भेटतो, म्हणजे रिक्षा ओढणारा पोरगा, नावही तेच, ब्रूस लीचा कट्टर भक्त. जयराज भट्टाचार्यने काय काम केलंय! या दोघांची दोस्ती मला सगळ्यात आवडली. आमच्या नागपुरात सक्करदऱ्यात, महालात संध्याकाळी पानठेल्यावर खर्रा घोटत तासन् तास उभे राहणारे पोट्टे असतात ना, ज्यांना घरी कोणी विचारत नाही आणि बाहेर कोणी मोजत नाही, तशी ही दोस्ती, बोलणं कमी आणि सोबत जास्त. पुढे दोघं गर्दच्या नादी लागतात तेव्हा भीती वाटते, कारण आतापर्यंत दोघंही आपले झालेले असतात.

कॅमेरा क्यूनेच धरलाय, जवळपास सगळं ब्लॅक अँड व्हाइट, आणि रॅप सुरू झालं की शब्द धाडधाड स्क्रीनवर येऊन आदळतात. म्युझिक फाइव्ह लिटल इंडियन्स या बँडचं, एकदम कडक. धंतोलीच्या दुर्गापूजेत आपण जी गोड बंगाली ऐकतो ती इथे विसरा, शिव्या आहेत, भूक आहे, आईवरचा राग आहे, पण ताल असा पक्का की बंगाली न येणाऱ्यालाही छातीत धडधड ऐकू येते.

आता जे खटकलं ते. लॉटरी लागल्यानंतर खरं काय आणि नशेतलं काय याची सरमिसळ होते, ते ठीक आहे, पण तिथून पिक्चर पोरग्याला सोडून स्वतःच्याच प्रेमात पडतो. तो 'तसला' सीन, जो रंगीत आहे, पाहिजे तेवढ्यापेक्षा जास्त लांबवलाय. त्यातल्या री सेनने प्रचंड हिंमत दाखवलीये, तिला मानलं, पण तिच्या वाट्याला धड माणूस म्हणून पात्रच लिहिलेलं नाही. आईचंही तेच, कमलिका बॅनर्जीच्या डोळ्यात एवढं काही दिसतं आणि तिला कोणी विचारतच नाही की बाई तुझं काय. पोरग्याचा राग समजून घेणाऱ्या डायरेक्टरने बायकांकडेही तेवढंच नीट बघायला पाहिजे होतं.

तरी माझ्याकडून 5 पैकी साडेतीन, आणि ते साडेतीन पहिल्या तासाचेच आहेत. सबटायटल लावून, चांगल्या हेडफोनवर बघा, मोबाइलच्या स्पीकरवर यातलं अर्धं हरवतं. घरच्यांसोबत अजिबात नको, लहान पोरं आसपास असतील तर नकोच. आणि त्या एका सीनसाठी फॉरवर्ड करत बघणार असाल तर भाऊ, राहू द्या.