ड्यूक 390 ला पुढे 16 दातांचं स्प्रॉकेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

केटीएमची ड्यूक 390 ही बाइक हायवेवर जास्त चालवत असाल तर पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, जरूर बदला; गावातल्या गावात फिरवत असाल तर हात लावू नका. काही महिने वापरून माझं हे मत पक्कं झालंय. कारण सविस्तर सांगतो, कारण पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर विचारलं तर "एक दात वाढवा, ॲव्हरेज वाढेल" एवढंच उत्तर मिळतं.

गाडी जुन्या 373 सीसी इंजिनाची, चाकणला बनलेली. कंपनीकडून पुढे 15 आणि मागे 45 दात येतात, म्हणजे रेशो (मागचे दात भागिले पुढचे दात) बरोबर 3. पुढे 16 बसवलं की तो 2.81 होतो. फरक सव्वासहा टक्क्यांचा. पाचव्या आणि सहाव्या गिअरमध्ये 14 टक्क्यांच्या आसपास अंतर आहे, म्हणजे सहावा गिअर साधारण अर्ध्या गिअरने लांबला असं समजा. सहाव्यात 100 च्या स्पीडला आधी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 5,800 च्या आसपास असायचा, आता 5,450 च्या आसपास असतो. हँडलबारमधून येणारी बारीक झिणझिण कमी झाली, हे सातारा येईपर्यंत हातांना चांगलं कळतं.

आता ॲव्हरेज. हायवेवर 80-90 धरून चालवली तर पूर्वी लिटरला 31-32 मिळायचं, आता 33 च्या थोडं वर मिळतं. आरपीएम सहा टक्के उतरला म्हणून पेट्रोलही सहा टक्के वाचेल, असं होत नाही. हवा कापायला आणि टायर फिरवायला जेवढी ताकद लागायची तेवढीच आजही लागते, स्प्रॉकेट बदलून ती कमी होत नाही. वाचतं ते इंजिनाच्या आतलं. 43 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला सपाट रस्त्यावर 90 च्या स्पीडला त्यातला लहानसा हिस्साच पुरतो, त्यामुळे थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जेमतेम उघडा असतो आणि त्या चिंचोळ्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची शक्ती जाते. आरपीएम उतरला की तेवढ्याच कामासाठी थ्रॉटल जरा जास्त उघडावा लागतो, हवा सुटी येते, पिस्टनचं घर्षणही घटतं.

पण हेही ऐका. 80 वरून 100 वर गेलात की हवेचा विरोध 56 टक्क्यांनी वाढतो, कारण तो स्पीडच्या वर्गाप्रमाणे वाढतो. गाडी आता शांत वाटते म्हणून नकळत दहाने जास्त पळवलीत, तर स्प्रॉकेटने वाचवलेलं सगळं पेट्रोल तिथेच जाईल.

गावात मात्र फायदा शून्य. सकाळी नळ स्टॉपपासून पुढे कर्वे रोडवर गाडी पहिल्या-दुसऱ्यातच असते. पहिला गिअर लांबल्यामुळे रांगत चालवताना क्लच जास्त वेळ अर्धवट दाबून धरावा लागतो आणि तो तापतो. हे इंजिन 3,000 च्या खाली मोठ्या गिअरमध्ये आधीच झटके देतं, त्यामुळे पूर्वी तिसऱ्यात ओढायची तिथे आता दुसऱ्यात यावं लागतं. मग आरपीएम परत वर. गावातलं माझं ॲव्हरेज पूर्वीइतकंच आहे, आणि क्लच जास्त झिजणार हे नक्की.

साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर पूर्वी सहाव्यात रेटता यायची, आता वळणाआधीच पाचवा टाकतो. सिंहगडाच्या वळणांवर तर पहिला की दुसरा हा निर्णय दर वळणाला करावा लागतो, आणि मागे कोणी बसलेलं असेल तर पहिलाच.

मोठ्या गाड्यांचं गणितही हेच. 2015 नंतरच्या फोर्ड मस्टँग जीटी कारला अमेरिकेत मागच्या ॲक्सलसाठी 3.15 पासून 3.73 पर्यंत रेशो मिळायचे. आकडा लहान तर हायवेला पेट्रोल कमी, मोठा तर सिग्नलवरून पिकअप जबरदस्त. तिथे मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियल उघडून क्राउन-पिनियन या दातेरी चाकांचा जोड बदलावा लागतो, आपल्याकडे एका स्प्रॉकेटवर भागतं.

बसवण्याबद्दल दोन गोष्टी. चेन तीच राहते, फक्त मागचं चाक साधारण 4 मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं. ते घेतल्यावर चाक सरळ बसलंय हे दाखवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्यात का ते स्वतः वाकून बघा, मेकॅनिक घाईत असतो. चेनचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापातच ठेवा. चेन ताठ ठेवलीत तर वाचवलेलं पेट्रोल बेअरिंगच्या खर्चात जातं.

ॲव्हरेज मोजताना पंप तोच ठेवा, टाकी दर वेळी गाडी सरळ उभी करून त्याच पातळीपर्यंत भरा, आणि आधीचा व नंतरचा आकडा एकाच प्रकारच्या पेट्रोलवर काढा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आणि जुनं पेट्रोल यांची तुलना केलीत तर स्प्रॉकेटचा परिणाम त्या फरकात बुडून जाईल. या गाडीत किलोमीटर चाकावरच्या सेन्सरवरून मोजले जातात, म्हणून ओडोमीटर बरोबर राहतो. ज्या गाड्यांत ते गिअरबॉक्सवरून घेतात, त्यांत पुढे दात वाढवले की मीटर कमी अंतर दाखवतो आणि ॲव्हरेज घटल्यासारखं दिसतं.

ज्यांना उलट पिकअप हवाय ते पुढे 14 लावतात. ताम्हिणीत ती गाडी फार छान उसळते, पण 100 ला आरपीएम 6,200 च्या वर जातो, आणि हायवेवर दर टाकीला ते जाणवतं.