९६ तासांनंतर रोटरी: इंजिन झकास, सायलेन्सरने रडवलं

माझ्या स्वतः बांधलेल्या विमानात रोटरी (वांकेल) इंजिन बसवलंय, त्याचा हा अनुभव. हे मी ४० तास उडून झाले तेव्हाच लिहायला घेतलं होतं आणि तेव्हा सगळं गोड गोड होतं. टाकलं नाही ते बरंच झालं. आता ९६ तास आणि अकरा महिने झालेत, मध्ये एकदा अख्खं इंजिन खोलून परत बांधून झालंय (विनाकारण, त्यावर येतोच), त्यामुळे जरा चिडूनच लिहितोय, समजून घ्या.

सेटअप पटकन सांगतो. माझदाचं १३बी, पिस्टनऐवजी आत फिरणारे ६५४ सीसीचे दोन तिकोनी रोटर, अपघातात गेलेल्या आरएक्स-७ गाडीतून काढलेलं, टर्बो नाही, फेऱ्या २.१७ पटीने कमी करणारा गिअरबॉक्स, पात्यांचा कोन न बदलणारा (फिक्स्ड पिच) प्रॉपेलर, दोन सीटचं स्वतः बांधलेलं विमान. क्रूझला, म्हणजे एकसारखं सरळ उडताना, शाफ्ट मिनिटाला ५४०० फेऱ्यांवर, प्रॉप २५०० च्या जरा खाली आणि रोटर स्वतः फक्त १८०० ने फिरतो. हा १८०० चा आकडा मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो, कारण ५४०० म्हटलं की समोरच्याला वाटतं आता हे फुटणार. आणि नाही, पहिल्या महायुद्धातलं ते सिलिंडरसकट गरगर फिरणारं रोटरी म्हणजे हे नव्हे, दोघांचं फक्त आडनाव एक.

चांगलं आधी. थरथर जवळपास नाहीच. माझ्या आधीच्या चार सिलिंडरच्या इंजिनवर पॅनलचे स्क्रू महिन्या-दोन महिन्यांनी आवळायला लागायचे, इथे अकरा महिन्यांत स्क्रूड्रायव्हर लावलेला नाही. साधं गाडीचं पेट्रोल चालतं, उलट शिसंवालं विमानाचं पेट्रोल टाकलं की प्लग लवकर खराब होतात, म्हणजे इथे स्वस्तातला मालच जास्त मानवतो, मला अजून काय पाहिजे. आत थोडं थोडं ऑइल सोडणारा गाडीचा ऑइल मीटरिंग पंप मी काढून टाकला म्हणून लिटरमागे साधारण ८ मिली टू-स्ट्रोक ऑइल टाकीतच मिसळतो. मात्र ते टाकलं की नाही हे दहा मिनिटांनी आठवत नाही, म्हणून आता रिकामी मापाची बाटली सीटवर ठेवतो, बाटली सीटवर दिसली म्हणजे ऑइल गेलं. तासाला तीसेक लिटर पितं, पिस्टनवाले हसतात, हसू देत.

ऑइल टेंपरेचरबद्दल मी ४० तासांच्या मसुद्यात दोन पानं रडलो होतो, ती आता उडवली. पाणी आणि ऑइल मिळून इंजिनातून जेवढी उष्णता काढतात त्यातली एक तृतीयांशाच्या आसपास ऑइलमधून जाते, कारण रोटर आतून ऑइलनेच थंड होतात, त्यामुळे गाडीवाल्या हिशोबाने लावलेला कूलर इथे पुरत नाही हे खरं. पण माझा प्रॉब्लेम कूलर नव्हताच. हवा आणणारा डक्ट आणि कूलरच्या मध्ये बोट जाईल एवढी फट होती आणि हवा काय वेडी आहे का त्या बारीक जाळीतून घुसायला, ती सरळ फटीतून निघून जायची. फोम आणि सिलिकॉनने फट बंद केली, चढताना १० अंश कमी झाले. मी तोवर मोठा कूलर बघत होतो. नाही घेतला. त्या दिवशी माझ्याइतका खूश माणूस नव्हता.

आता मुख्य रडगाणं.

७१ व्या तासाला मैदानाच्या वरच होतो, तीन हजार फुटांवर, आणि ५४०० चे हळूच ४५०० झाले. खडखड नाही, झटके नाहीत, धूर नाही, फक्त दम गेला. थ्रॉटल पूर्ण दिला तरी तेवढेच. नवीन इंजिन म्हणून मैदान सोडून लांब जायचंच नाही हा नियम मी पाळतो, त्यामुळे गपचूप उतरलो, हात नंतर अर्धा तास थरथरत होते ते वेगळं. खाली आयडलला एकदम गुणी बाळ. फुल थ्रॉटलला मात्र नेहमीपेक्षा ६०० कमी.

आता रोटरी म्हटल्यावर डोक्यात पहिलं काय येतं? एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या तीन टोकांवरच्या गॅस अडवणाऱ्या पट्ट्या. मी पण त्यातलाच. ही भीती ६० च्या दशकातली आहे, सुरुवातीच्या माझदा इंजिनांमध्ये हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) आतल्या पृष्ठभागावर सील कंप पावून ओरखडे पडायचे, त्याला माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतो यांच्या टीमने 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असं नाव दिलं होतं, मग कार्बन-अॅल्युमिनियमचे सील करून त्यांनी ते सोडवलं आणि १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट गाडी बाजारात आणली. त्याच वर्षी एनएसयू या जर्मन कंपनीची रोटरीवाली गाडी आरओ ८० आली आणि सीलपायी बदनाम झाली. म्हणजे आजोबांच्या काळातली अफवा नातवंडं अजून सांगतायत. १९९१ ला माझदाची चार रोटरची रेसगाडी ७८७बी ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, एएसएच २६ई ग्लायडरमध्ये एका रोटरचं वांकेल बसवून लोक उडतायत, पण नाही, काहीही झालं की 'सील गेला असणार'.

मी नवीन सीलचा सेट मागवला. इंजिन खोलायच्या आधी. हे लक्षात ठेवा.

बरं, टेस्ट केली नाही असंही नाही. खालचे प्लग काढले, कॉम्प्रेशन गेजमधला व्हॉल्व्ह काढून टाकला आणि स्टार्टर मारला. सील धड असतील तर काटा तीनदा सारखाच उडतो, फस फस फस, रोटरच्या तीन बाजूंचा एकेक. पुढच्या रोटरला फस फस फस. मागच्याला फस फस फस. एकदम सारखे. शिवाय सील तुटला असता तर एकच रोटर अडखळला असता, इंजिन हिसके देत चाललं असतं, माझं तर लोण्यासारखं चालत होतं, फक्त ताकद नव्हती. सगळे पुरावे समोर होते. आणि तरी मी खोललं, कारण सेट मागवला होता ना.

सहा एपेक्स सील, बारा कॉर्नर, बारा साइड, त्यांच्या स्प्रिंगा, सगळं अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर घालून ठेवलं, कारण जो सील ज्या खाचेतला त्याच खाचेत परत गेला पाहिजे. हाउसिंगवर कडेला थोडं क्रोम उडालेलं, ते जुन्या इंजिनात असतंच, बाकी आरसा. सीलची उंची नव्यापेक्षा केसभर कमी. बघत बसलो नुसता. आता खोललंच आहे तर हाउसिंगमधल्या पाण्याच्या ओ-रिंग नवीन टाकाव्याच लागतात, त्या जुन्या परत वापरायच्या नसतात, म्हणजे तो खर्च वेगळा. व्हॅसलिनने सील चिकटवत परत बांधलं, शाफ्ट पुढे सरकून थ्रस्ट बेअरिंग खाली घसरू नये म्हणून पुढचा बोल्ट आवळेपर्यंत इंजिन उभंच ठेवलं (ही चूक बऱ्याच जणांनी केलेली आहे, बेअरिंग चिमटलं की गेलं), एंड प्ले (शाफ्ट पुढे-मागे किती हलतो ते) ०.०५ मिमी आला, ०.०४ ते ०.०७ हवा असतो. सगळं एक नंबर. आणि बिघाड अजून सापडलेलाच नाही.

तेवढ्यात मुलगा मधे येणारा सायलेन्सर उचलून बाजूला ठेवायला गेला आणि म्हणाला, "बाबा, हा खुळखुळा कसला?"

आतला बॅफल, म्हणजे आवाज कमी करणारा आडवा पत्रा, तुटून सुटा झाला होता. तळहाताएवढा पत्रा. थ्रॉटल दिला की गॅसच्या जोराने तो बाहेरच्या नळीच्या तोंडावर जाऊन बसायचा, कमी केला की खाली पडायचा. बूच मारलेल्या बाटलीतून फुंकर घालायला सांगितल्यासारखं झालं होतं इंजिनाचं. दोन आठवडे मी इंजिनात शोधत होतो ते सायलेन्सर हलवून दोन सेकंदात कळलं.

आणि हे व्हायचंच होतं. पिस्टनला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो, इथे व्हॉल्व्हच नाही, रोटरची कड पोर्टवरून सरकली की भसकन सगळं बाहेर. वर कम्बशन चेंबर लांबट आणि चपटा, जाळ उशिरापर्यंत चालू असतो, काही पेट्रोल तर पाइपातच जळतं. माझ्या ईजीटीवर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणाऱ्या मीटरवर) क्रूझला ९०० अंश सेल्सिअसच्या वर दिसतं, पिस्टनपेक्षा शंभर-दीडशे अंश सहज जास्त. आवाज पण त्यामुळेच असा कान फाडणारा, ७८७बी चा व्हिडिओ हेडफोनवर ऐकायला मस्त आहे हो, पण सायलेन्सरशिवाय त्याच्यामागे बसून दोन तास उडून बघा.

पहिला सायलेन्सर ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचा होता. २८ व्या तासाला शिवणीवर चीर आली होती, ती मी वेल्ड करून घेतली आणि मसुद्यात 'किरकोळ' असं लिहिलं. किरकोळ! ज्याने बनवला त्याला दाखवला तर म्हणे स्टेनलेस म्हणजे स्टेनलेस, त्यात काय एवढं. मी त्याच्यावर इथे एक परिच्छेद भरून तोंडसुख घेतलं होतं, पण परवा जुनी चिठ्ठी सापडली, त्यात माझ्याच अक्षरात बॅफल १ मिमी, ३०४ असं लिहिलेलं. वजन वाचवायला आणि खरं सांगायचं तर पैसे वाचवायला. त्यामुळे तो परिच्छेद काढला. तो माणूस तरी पण उद्धटच बोलला, तेवढं राहू दे.

प्रॉब्लेम असा की ३०४ त्या तापमानाला खवले धरतं आणि वेल्डजवळ त्यातलं क्रोमियम कार्बनशी जुळून बसतं, तिथून चिरा सुरू होतात, त्यात पत्रा लालबुंद होऊन मऊ पडलेला आणि सेकंदाला दीडशेच्या वर धक्के खात असतो. ३२१ नंबरच्या स्टेनलेसमध्ये टायटॅनियम असतं, ते कार्बनला आधीच धरून ठेवतं. म्हणून आता बाहेरचं कवच ३२१ चं, १.६ मिमी, आणि आतल्या भोकांच्या नळ्या इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूच्या. बॅफलचे सपाट पत्रे बादच, नळी नळीत बसवली, म्हणजे तुटली तरी बूच होऊन बसणार नाही. पत्र्याची किंमत ऐकून पोटात गोळा आला. वजन दीड किलो वाढलं. आवाज आधीपेक्षा थोडा जास्तच आहे.

ह्याला आता २५ तास झालेत. दर पाच तासांनी काढतो, टॉर्च मारून आत बघतो, लाकडी दांड्याने टकटक करतो आणि हलवून कानाला लावतो. घरचे हसतात. रंग निळा-जांभळा झालाय, चीर नाही. परवा एकदा खुळखुळला, काळजात धस्स झालं, निघाला काय तर उष्णतारोधक पत्र्याचा वॉशर, सायलेन्सरमध्ये नाही, माझ्या खिशात.

कोणी विचारलं घेऊ का, तर हो घ्या, साडेचार स्टार, अर्धा सायलेन्सरसाठी कापलाय आणि तो अर्धा मी परत देणार नाही. फक्त एवढं करा, ताकद गेली की पाना हातात घ्यायच्या आधी सायलेन्सर काढून हलवा. आणि ईजीटीबरोबर सायलेन्सरच्या आधी पाइपात एक प्रेशर गेज लावून टाका, मी लावलंय, छोट्या नळीवर, त्या दिवशी असतं तर हवेतच कळलं असतं.

जुने सील इंजिनात परत गेले, व्यवस्थित चाललेत. नवीन सेट, २ मिमीचा, पाकिटातच आहे. विकणाऱ्याला परत घे म्हटलं तर म्हणे पाकीट फोडलंय, घेणार नाही. फोडलंय म्हणजे फक्त मोजायला एक बाहेर काढला होता. कोणाचं १३बी खोललेलं असेल आणि खरंच सील गेले असतील तर कळवा, पण आधी सायलेन्सर हलवून या.