अकरा महिने, १९,६०० किलोमीटर आणि ‘मॅडम, गाडीत काही प्रॉब्लेम सापडला नाही’

गेल्या गुढीपाडव्याला आम्ही ही सात आसनी डिझेल एसयूव्ही घरी आणली. टॉप व्हेरियंट, ऑटोमॅटिक, ऑन-रोड साधारण २४ लाख. नाशिकहून घेतली. घरात सहा माणसं: मी, हे, दोन मुलं, सासूबाई आणि नाना. राहायला पारोळ्याला. मी जळगावला कॉलेजात शिकवते, त्यामुळे आठवड्यातले तीन-चार दिवस पारोळा-एरंडोल-जळगाव हा महामार्ग आणि स्टिअरिंगवर मीच. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून सुरू आहे.

चांगलं आहे ते आधी सांगते. इंजिन दमदार आहे, हायवेला १४ ते १५ चं अ‍ॅव्हरेज मिळतं. सीट इतक्या आरामशीर की नानांची कंबर धुळ्यापर्यंत जाऊन आली तरी बोलत नाही. हेडलाइट उत्तम. या गोष्टींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्या गोष्टींसाठी आम्ही खालचं व्हेरियंट सोडून साडेतीन लाख जास्त मोजले, त्यांच्याबद्दल: आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, कॅमेरे. आणि एअरबॅग, बेल्ट यांच्याबद्दलही.

पहिला प्रसंग जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला. सकाळची वेळ, एरंडोल सोडून जळगावकडे निघालेलो. वेग ७८. शेजारच्या लेनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉली, माझी लेन पूर्ण रिकामी. रस्त्याला हलकंसं वळण होतं. अचानक स्क्रीनवर लाल चिन्ह आलं, कर्कश आवाज झाला आणि गाडीने स्वतःहून कचकन ब्रेक मारला. माझा पाय ब्रेकवर नव्हता. मागे केळीचा ट्रक होता, त्याचा हॉर्न अजून कानात आहे. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. तो ट्रक तेवढ्याही अंतरावर नव्हता. त्या ड्रायव्हरने ट्रक साइडपट्टीवर उतरवला म्हणून आम्ही वाचलो. मधल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंनी बेल्ट लावलेला नव्हता, त्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. ‘काय व्हयनं व माय?’ एवढंच त्या म्हणाल्या, आणि मला उत्तर देता येईना. त्या दिवसापासून आमच्या गाडीत मागच्या सीटवरही बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलत नाही. मागचा बेल्ट कायद्याने सक्तीचा आहेच. आम्हीच इतकी वर्षं तो मनावर घेतला नव्हता, ती चूक आमची.

दुसऱ्या दिवशी अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने ऐकून घेतलं आणि जॉबकार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवायच्या कागदावर, लिहिलं, ‘ब्रेक चेक करणे’. संध्याकाळी फोन: मॅडम, गाडीत काही प्रॉब्लेम सापडला नाही, ट्रायल ओके. मी पुन्हा सगळं सांगितलं, तर म्हणाला, ‘घाबरून तुमच्याकडूनच ब्रेक दाबला गेला असेल. पुढच्या वेळी साहेबांना पाठवा ना, त्यांच्याशी बोलतो.’ मी सतरा वर्षं गाडी चालवते. साहेब तर त्या दिवशी गाडीत नव्हतेच.

त्यानंतर असं आणखी दोनदा झालं. एकदा पाळधीजवळ, एकदा मुकटीच्या पुढे धुळ्याच्या बाजूला. दोन्ही वेळा शेजारच्या लेनमध्ये काहीतरी मोठं वाहन आणि रस्ता किंचित वळलेला. ही यंत्रणा कशी चालते ते मग मी मॅन्युअलमधून नीट वाचलं. पुढच्या बंपरमध्ये रडार असतं, आरशामागे काचेला कॅमेरा असतो. समोरचं वाहन किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतंय हे दोघं मिळून ठरवतात. रडार बसवताना त्याचं तोंड जरासं जरी तिरकं राहिलं, तरी पन्नास-साठ मीटरवर तो फरक पुरती एक लेन होतो. म्हणजे शेजारच्या लेनमधली ट्रॉली गाडीला आपल्याच वाटेत दिसते. चिखल, समोर लटकलेली वस्तू यांनीही रडार आंधळं होतं. दसऱ्याला आम्ही पूजा करून पुढे झेंडूचा हार बांधला, तेव्हा ‘रडार ब्लॉक’ अशी सूचना आली होती. ती मर्यादा मला मान्य आहे, हार काढला की विषय संपला. पण स्वच्छ उन्हात, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लागणं ही मर्यादा नाही, दोष आहे.

मग ही यंत्रणा बंद का करत नाही, असं बरेच जण विचारतात. सप्टेंबरमध्ये पाळधीजवळच दुभाजकाच्या फटीतून एक मोटारसायकल अचानक आडवी आली. माझा पाय ब्रेकवर पडायच्या आत गाडी थांबायला लागली होती. तो मुलगा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, मान खाली घालून निघून गेला. मी गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं तशीच बसून राहिले. ज्या यंत्रणेने तीनदा आमचा जीव धोक्यात घातला, तिनेच एकदा दुसऱ्याचा वाचवला. म्हणून मला ती बंद नकोय, बरोबर चालायला हवी आहे. आणि बंद करायची म्हटलं तरी स्क्रीनवर तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, गाडी पुन्हा सुरू केली की ती आपोआप चालू होते.

स्क्रीनची कथा वेगळीच आहे. या गाडीत बटणं जवळपास नाहीत. एसी, पंख्याचा वेग, पुढच्या काचेवरची वाफ घालवायची हवा, रिव्हर्स कॅमेरा, सगळं त्या एका मोठ्या टचस्क्रीनमध्ये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ च्या घरात असतो. दुपारी दीडला कॉलेजच्या पटांगणातून गाडी काढली की स्क्रीन काळी. कधी दहा मिनिटं, कधी पंचवीस. तोवर एसी आदल्या वेळी जिथे सोडला तिथेच अडकलेला, कॅमेरा नाही. फुले मार्केटजवळच्या गर्दीत साडेचार मीटरहून लांब गाडी मागे घेताना मी काच खाली करून मान बाहेर काढत होते. सर्व्हिस सेंटरला गाडी सकाळी नऊला पोहोचायची, शेडमध्ये उभी राहायची, आणि अर्थातच स्क्रीन व्यवस्थित. सॉफ्टवेअर अपडेट केलं, परत दिली. हे चार वेळा झालं. कुणीही एकदासुद्धा गाडी दुपारी उन्हात तीन तास उभी करून पाहिली नाही.

उन्हाळ्यातला हा त्रास गैरसोय म्हणून सोडून दिला असता. पण ऑगस्टमध्ये चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना हीच स्क्रीन अडकली. माझं माहेर संभाजीनगरचं, राखीपौर्णिमेला निघालो होतो. धो धो पाऊस, सहा माणसांचे श्वास, बाहेर गार हवा. काच आतून दोन मिनिटांत दुधासारखी झाली. एसीची कोरडी हवा काचेवर सोडायला बटण हवं, ते त्या काळ्या स्क्रीनमध्ये. एका बाजूला दरी, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे नुसते पिवळे डाग. मोठी मुलगी पुढे वाकून ओढणीने काच पुसत होती आणि मी वळणं मोजत गाडी चढवत होते. काच स्वच्छ करण्याचं काम ज्या कुणी स्क्रीनच्या भरवशावर टाकलं, त्याने पावसाळ्यात हा घाट एकदा चढून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये त्यासाठी एक गोल खटका होता. तेरा वर्षांत तो एकदाही हँग झाला नाही.

सनरूफ गळतं, हे थोडक्यात सांगते. आमच्या अंगणात कडुलिंब आहे, त्यामुळे पहिल्यांदा ‘पाला अडकला असेल’ असं उत्तर मिळालं. पाला नव्हता. पुढच्या खांबातून खाली जाणारी पाणी वाहून नेण्याची नळी जोडापासूनच निसटलेली होती. पाणी गालिच्याखाली गेलं, तिथल्या वायरच्या कनेक्टरमध्ये ओल शिरली आणि मीटरवर एअरबॅगचा दिवा लागला. हा दिवा लागून राहिला याचा अर्थ यंत्रणेला स्वतःमध्येच दोष सापडलाय, आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. सर्व्हिस सेंटरने काय केलं? लॅपटॉप लावून दोषाचा कोड पुसला आणि गाडी दिली. आठव्या दिवशी दिवा परत. ‘चालवा, काही होत नाही, नुसता लाइट आहे’ हे वाक्य दोन लहान मुलांच्या आईला सांगितलं गेलं. तिसऱ्या फेरीत एका वयस्कर मेकॅनिकने गालिचा उचलून पाहिला, तेव्हा नळी सापडली. त्यांचं नाव लिहिता येत नाही, पण त्यांचे उपकार आहेत. पूर्ण अकरा महिन्यांत मुळापर्यंत गेलेला तो एकच माणूस.

मधल्या रांगेतल्या डाव्या बेल्टचा बक्कल डिसेंबरमध्ये सारंगखेड्याच्या यात्रेला जाताना दोनदा सुटला. टक् असा आवाज यायचा, लागला असं वाटायचं, आणि खड्ड्यात गाडी आपटली की धाकट्याच्या मांडीवर मोकळा. घोडेबाजार पाहायच्या आनंदात त्याला काही वाटलं नाही. मी त्याला मधल्या जागेवर घेतलं आणि ती सीट रिकामी ठेवून परत आलो. नवा बक्कल वॉरंटीत मिळाला, पण पार्ट यायला २३ दिवस लागले. तोवर सात आसनी गाडी आमच्यासाठी सहा आसनी होती.

घेताना आम्ही क्रॅश टेस्टचे तारे पाहिले होते. असे तारे देणारा आपला कार्यक्रम, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला आणि आपल्याकडच्या गाड्यांच्या चाचण्या आपल्या देशातच व्हायला लागल्या, ही मोठीच गोष्ट आहे. ताशी ६४ च्या वेगात समोरून धडक, बाजूने धडक, खांबाला धडक. पण ते तारे धडक झाल्यावर माणूस किती वाचेल ते सांगतात. तुमच्या गाडीची नळी नीट जोडली का, रडार सरळ बसवलं का, उन्हात स्क्रीन टिकते का, हे तारे सांगत नाहीत. शोरूममध्ये कुणी विचारतही नाही, आम्हीही विचारलं नाही.

खरी लढाई दोषांशी नव्हती, ‘सापडला नाही’ या शब्दांशी होती. अधूनमधून येणारा दोष वर्कशॉपमध्ये दिसत नाही, आणि दिसला नाही म्हणून कागदावर तो नसतोच. माझ्याकडे ऑक्टोबरपर्यंत सात जॉबकार्ड होती. त्यांवर ‘ब्रेक चेक’, ‘स्क्रीन चेक’, ‘जनरल चेकअप’ असंच लिहिलेलं. ती वाचून कुणालाही वाटेल, बाईंना गाडी धुवायची हौस आहे. मग मी पद्धत बदलली. डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा, बसवला. तारीख, वेळ, वेग, ठिकाण, बाहेरचं तापमान वहीत लिहायला लागले. आणि जॉबकार्डवर अ‍ॅडव्हायझरला लिहू देणं बंद केलं. आठव्या जॉबकार्डवर माझ्या हाताने लिहिलं: ‘ताशी ७५ ते ८० वेगात, समोर रिकामी लेन असताना गाडीने आपणहून जोरात ब्रेक लावला. तीन वेळा. मागे ट्रक होता. व्हिडिओ सोबत.’ अ‍ॅडव्हायझर म्हणाला, एवढं सगळं सिस्टीममध्ये टाकता येत नाही. मी म्हटलं, मग गाडी घेतल्याची पोच देऊ नका, मी इथेच बसते. त्याने टाकलं. त्याच जॉबकार्डचा फोटो लावून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला.

बारा दिवसांनी कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने आमच्यासोबत एरंडोलपर्यंत फेरी मारली, गाडीतल्या नोंदी काढल्या. त्या तिन्ही वेळा ब्रेकचं पेडल दाबलेलं नव्हतं, हुकूम यंत्रणेकडूनच गेला होता, हे गाडीच्याच नोंदीत निघालं. रडारही खरंच तिरकं बसवलेलं होतं. ब्रॅकेट बदलून त्यांनी कॅलिब्रेशन केलं, म्हणजे रडारची दिशा नीट जुळवली. त्याला आता चार महिने झाले, पुन्हा एकदाही तसा ब्रेक लागलेला नाही. ‘तुमच्याकडूनच दाबला गेला असेल’ म्हणणाऱ्याने मात्र अजून एका शब्दाने दिलगिरी व्यक्त केलेली नाही, आणि ती मला पैशांपेक्षा जास्त हवी होती.

ज्यांची गाडी अशीच त्रास देत असेल त्यांच्यासाठी, मी चौकशी करून काय कळलं ते सांगते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना. मालकाने आपली तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदवायची असते. एका मॉडेलच्या तक्रारी ठरलेल्या आकड्याच्या वर गेल्या की चौकशी लागते. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये भांडून घरी बसू नका, तिथे नोंद करा. आपली एक नोंद दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येते. दुसरं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार केल्यावर कंपनीचा फोन तीन दिवसांत आला, आधी तीन आठवडे येत नव्हता. तिसरं, जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथे चालते, आमच्या किमतीच्या गाडीला फी १,००० रुपये, मुदत दोन वर्षं. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे गाडी नाशिकची असली तरी मला जळगावातच दाद मागता येईल. कागद तयार ठेवलेत, अजून दाखल केलेले नाहीत.

कारण स्क्रीन बाकी आहे. नवं युनिट मार्चअखेर बसवून देऊ, असं आता लेखी आलंय. मी उत्तरात कळवलंय की बसवल्यावर गाडी त्यांच्याच आवारात, छप्पर नसलेल्या जागी, दुपारी बारा ते तीन उभी राहील आणि मी समोर असताना सुरू केली जाईल. त्यांनी तारीख विचारली आहे. मी एप्रिलचा शेवटचा आठवडा सांगितलाय.